रॉबिन, गुरन, साबू, बकी : हिरोच्या जोडीदारांवर जीव असणाऱ्यांनी इकडे या

भुसावळ_जंक्शन

नमस्कार मंडळी.

बॅटमॅन, वेताळ (म्हणजे फँटम), कॅप्टन अमेरिका यांच्यावर बोलायला जग पडलंय. मला त्यांच्या अर्धं पाऊल मागे चालणाऱ्यांवर बोलायचंय. इंग्रजीत त्यांना साइडकिक म्हणतात. मराठीत नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही, कोणाला सुचला तर जरूर सांगा.

माझं लहानपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. वडील पगाराच्या दिवशी स्टेशनवरच्या स्टॉलवरून एक इंद्रजाल कॉमिक्स आणायचे. कॉमिक्स एक आणि वाचणारे आम्ही दोघं भाऊ. दादा पाच वर्षांनी मोठा, म्हणून आधी तो, मग मी. दुपारी क्वार्टरमागच्या निंबाखाली त्याच गोष्टीचा खेळ मांडायचो. दादा वेताळ आणि मी गुरन, हे आम्हाला कधी ठरवावं लागलं नाही. बाकीची पोरं विचारायची, तुझा नंबर कधी येतो रे? मला नंबर नकोच होता. मला गुरनच व्हायचं असायचं.

सगळ्या जंगलाला वाटतं की वेताळ चारशे वर्षं जिवंत आहे, त्याला मरण नाही. आपला वेताळ एकविसावा, आणि आधीचे वीस कवटीच्या गुहेत चिरनिद्रा घेताहेत, हे माहीत असलेली माणसं मोजकीच. त्यातला एक गुरन, जंगलातल्या बांदार लोकांचा मुखिया, तोही अगदी लहानपणापासूनचा सोबती. म्हणजे ज्याला अख्खं जंगल देव मानतं, त्याला ताप आला तर कपाळावर हात ठेवणारा हा. आठव्या वर्षी मला हे काही शब्दांत सांगता आलं नसतं, पण त्या खेळात सर्वांत मोठं गुपित माझ्याकडे आहे एवढं मला पक्कं कळत होतं.

पुढे नोकरी लागल्यावर इंग्रजी कॉमिक्स हातात आली आणि या वेडाला खतपाणी मिळालं. बॅटमॅन आला मे १९३९ च्या अंकात. रॉबिन आला एप्रिल १९४० ला, म्हणजे वर्षही पुरं झालं नव्हतं. लेखक बिल फिंगर यांची अडचण साधी होती. रात्रीच्या अंधारात एकटा फिरणारा माणूस बोलणार कोणाशी? होम्सला जसा वॉटसन, तसा याला कोणीतरी हवा. म्हणून सर्कशीतला एक पोरका मुलगा आणला, डिक ग्रेसन. रॉबिन हूडवरून रॉबिन हे नाव सुचवलं जेरी रॉबिन्सन यांनी. त्यानंतर खप जवळजवळ दुप्पट झाला असं सांगतात.

आता माझा खरा मुद्दा. हिरो वाढत नाही. बॅटमॅन १९३९ साली होता त्याच वयाचा आजही आहे. वाढतो तो जोडीदार. डिक ग्रेसन चड्डीतला पोरगा होता, कॉलेजात गेला, बॅटमॅनशी त्याचं बिनसलं, १९८४ साली त्याने रॉबिनचा पोशाख उतरवला आणि नाइटविंग झाला. स्वतःचं नाव, स्वतःचं शहर. फ्लॅशच्या बायकोचा भाचा वॉली वेस्ट १९५९ साली किड फ्लॅश म्हणून आला. १९८५ च्या 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' या महासंकटाच्या गोष्टीत थोरला फ्लॅश गेला, तेव्हा पुढच्याच वर्षी त्याचा लाल पोशाख वॉलीने अंगावर चढवला आणि पुढची वीसेक वर्षं फ्लॅश म्हणजे वॉलीच होता. त्या काळात वाचायला लागलेल्या पोरांचा फ्लॅश तोच. काळ पुढे सरकतोय हे अमेरिकन कॉमिक्समध्ये बघायचं असेल तर हिरोकडे बघून उपयोग नाही, त्याच्या शेजारी बघावं लागतं.

तुमचा आवडता जोडीदार कोण? भरपूर लिहा.

केळीबाग_रावेर

साबू! दुसरं नाव घेणारच नाही.

भाऊ, तुम्ही सगळी उदाहरणं मोठा हिरो आणि छोटा जोडीदार अशी दिलीत. चाचा चौधरीवाल्या प्राणसाहेबांनी ते पार उलटं केलं. हिरो कोण, तर लाल पगडीचा, पांढऱ्या मिशांचा, काठी घेतलेला म्हातारा. आणि जोडीदार गुरू ग्रहावरून आलेला डोंगराएवढा गडी, ज्याला राग आला की तिकडे ज्वालामुखी फुटतो. डोकं चाचांचं, हात साबूचे. तरी साबू कधी चाचांच्या पुढे गेला नाही. एवढी ताकद असून तो घरातल्या धाकट्यासारखा वागतो, चाचीच्या हातच्या चपात्या मोजदाद न ठेवता खातो. मला लहानपणी वाटायचं, आपल्या घरी साबू असता तर केळीचे घड वाहायला मजूर लागलेच नसते.

वाढण्याच्या मुद्द्यावर एक सांगतो. आमच्याकडे नवा गोऱ्हा कामाला लावायचा असला की त्याला मुरलेल्या बैलाच्या जोडीला जुंपतात. दोन गोऱ्हे एकत्र जुंपले तर नांगराचं तास वाकडं जातं. मुरलेला बैल त्याला वळायला शिकवतो, थांबायला शिकवतो. दोन हंगामांनी तोच गोऱ्हा दुसऱ्या नव्याला शिकवतो. बॅटमॅन-रॉबिन बघितले की मला आमच्या आजोबांची जोडी आठवते.

रंगारी_धुळे

लेख आवडला. मी धुळ्यात पाट्या रंगवायचो, आता फ्लेक्स आल्यापासून ते काम कमी झालं, पण डोळा तोच राहिलाय. म्हणून जरा चित्राच्या बाजूने लिहितो.

रॉबिनचा पोशाख नीट बघा. लाल बंडी, हिरव्या बाह्या, पिवळा झगा. लोक विचारतात, रात्री लपूनछपून फिरणाऱ्या पोराला पिवळा झगा कशाला? गोष्टीत याचं उत्तर शोधू नका, छपाईत शोधा. त्या वेळी कागद वर्तमानपत्राचा, शाई चार रंगांची, ठिपक्याठिपक्यांनी भरलेली. बॅटमॅन राखाडी आणि निळा, मागे काळी रात्र. असं पान भरलं की सगळं एकमेकांत मिसळतं, नजर कुठे टेकवायची कळत नाही. त्यात एक पिवळा डाग टाकला की डोळा धावत तिथे जातो. पाटीवर आम्ही हेच करायचो. काळ्या जमिनीवर दुकानाचं नाव पिवळ्यात, त्याला लाल सावली. लांबून बसमधूनही वाचता येतं.

दुसरं म्हणजे माप. एकट्या उभ्या माणसाचं चित्र काढलं तर तो सहा फुटी आहे की चार फुटी, कळत नाही. शेजारी खांद्याखाली येणारं पोरगं काढलं की मोठा आपोआप मोठा दिसतो. साबूच्या बाबतीत हेच उलट्या बाजूने. त्याच्या गुडघ्याशी चाचा उभे आहेत म्हणून तो डोंगर वाटतो. प्राणसाहेबांची रेघ किती साधी होती, तरी हे माप त्यांचं चुकायचं नाही.

चाळीसगाव_०७

मी सिनेमे बघून आलेला माणूस, त्यामुळे विचारतो. बकी हा कॅप्टन अमेरिकाचा साइडकिक होता? मला तर तो त्याचा मित्र, जवळपास त्याच्याच वयाचा वाटायचा.

भुसावळ_जंक्शन

@चाळीसगाव_०७, तुझा प्रश्न एकदम बरोबर आहे. सिनेमात त्याला बरोबरीचा मित्र केलाय. मूळ कॉमिकमध्ये बकी पोरसवदा होता, सैन्याच्या छावणीतलं पोरगं. मार्च १९४१ चा पहिला अंक, सायमन आणि कर्बी या जोडगोळीचा. मुखपृष्ठावर कॅप्टन हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतोय, ते चित्र तू पाहिलं असशील. पुढच्या वेळी खाली उजव्या कोपऱ्यात बघ. एक छोटं गोल आहे, त्यात बकी सलाम ठोकतोय. पहिल्या दिवसापासून तो तिथे आहे.

१९६४ साली कॅप्टनला बर्फातून परत आणलं तेव्हा बकी युद्धाच्या शेवटी स्फोटात गेला असं सांगितलं गेलं. कॅप्टन जिवंत परतला आणि पोरगं गेलं, ही टोचणी पुढे चाळीस वर्षं त्या गोष्टीतून गेली नाही. कॉमिक्सवाल्यांमध्ये एक म्हण होती, की इथे मेलेला कोणीही परत येतो, फक्त तिघं येत नाहीत: बकी, दुसरा रॉबिन जेसन टॉड आणि स्पायडरमॅनचा काका बेन. २००५ साली एड ब्रूबेकर आणि स्टीव्ह एप्टिंग यांनी बकीला विंटर सोल्जर म्हणून परत आणलं. आणि २००८ साली तोच बकी कॅप्टन अमेरिका झाला, ढाल हातात घेऊन. कोपऱ्यातल्या त्या छोट्या गोलातला पोरगा!

त्याच २००५ मध्ये जेसनही परतला. म्हणीत उरला एकटा काका बेन.

अमळनेरचा_वाचक

जेसन टॉडचं नाव निघालंच आहे तर स्पष्ट लिहितो. मला तो कधीच आवडला नाही. डिकच्या जागी आलेला दुसरा रॉबिन, उद्धट, ऐकून न घेणारा. त्या मतदानात मी असतो तर मारायच्या बाजूने मत दिलं असतं.

चाळीसगाव_०७

कसलं मतदान?

भुसावळ_जंक्शन

सांगतो, कारण या गोष्टीने मला आजही त्रास होतो.

१९८८ साल. जेसन दुसरा रॉबिन होऊन पाच वर्षं झाली होती आणि अमळनेरच्या वाचकांसारखंच तिकडेही बऱ्याच जणांना तो खटकत होता. जिम स्टार्लिन यांची गोष्ट, जिम अपारो यांची चित्रं. बॅटमॅनचा वैरी जोकर जेसनला लोखंडी पहारीने मारतो, स्फोट होतो, अंक संपतो. मागच्या पानावर दोन फोन नंबर. एक फिरवला तर जेसन वाचणार, दुसरा फिरवला तर मरणार. एका फोनला ५० सेंट, मुदत ३६ तास. मरावा म्हणून ५,३४३ मतं पडली, वाचावा म्हणून ५,२७१.

फरक ७२ मतांचा. आमच्याकडे एका वॉर्डाच्या निवडणुकीत यापेक्षा जास्त फरक पडतो.

अमळनेर भाऊ, तुमचं मत तुमच्यापाशी. पण एक बघा. तो उद्धट होता हे खरं. तो रस्त्यावर वाढलेला, बॅटमॅनच्या गाडीची चाकं चोरताना सापडलेला पोरगा. त्याला घरी आणून, पोशाख देऊन, वर्षा-दोन वर्षांत डिकसारखा शहाणा हो म्हटलं तर होणार आहे का? केळीबाग म्हणाले तसं, गोऱ्ह्याला दोन हंगाम तरी द्यायचे ना. जोडीदार चुकतो, कारण तो शिकत असतो. हिरोच्या चुका आपण मोठ्या मनाने पोटात घालतो आणि पोराच्या चुकीला फोन फिरवतो, हे मला पटत नाही.

अमळनेरचा_वाचक

चाकं चोरण्याचा प्रसंग मला माहीत नव्हता. मुद्दा विचार करण्यासारखा आहे. तरी तिसरा, टिम ड्रेक, माझा आवडता. सर्कशीत लहानपणी पाहिलेली डिकची हवेतली चार कोलांट्यांची उडी त्याच्या लक्षात राहते. पुढे टीव्हीवर रॉबिन तशीच उडी मारताना दिसतो आणि पोरगा घरबसल्या ओळखतो की रॉबिन म्हणजे डिक आणि मग बॅटमॅन म्हणजे ब्रूस वेन. त्याला कोणी निवडलं नाही. बॅटमॅनला रॉबिनची गरज आहे हे बघून तो स्वतः गेला.

सातपुड्यातला_मास्तर

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

मी शहाद्याच्या वरच्या बाजूला, पाड्यावर शिकवतो. भिल्ल आणि पावरा मुलं. वर्गातल्या पेटीत जुनी कॉमिक्स ठेवली आहेत, त्यात वेताळही आहे. गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलाने विचारलं, सर, जंगल गुरनच्या लोकांचं आहे ना, मग राजा बाहेरून आलेला का? मला लगेच उत्तर देता आलं नाही.

जादूगार मँड्रेकचा जोडीदार लोथार घ्या. १९३४ पासूनचं पात्र. राजपुत्र, राज्य सोडून मँड्रेकसोबत आला. आणि त्याला दिलं काय? बिबट्याचं कातडं, डोक्यावर लाल टोपी आणि मोडकीतोडकी भाषा. १९६५ साली फ्रेड फ्रेडरिक्स चित्रं काढायला लागले, तेव्हापासून लोथारला धड कपडे आणि नीट बोलणं मिळालं. म्हणजे तीस वर्षं लागली. तिकडच्या जुन्या कॉमिक्समध्ये काळा किंवा आशियाई जोडीदार म्हणजे नोकरच असायचा. त्या पानांवर प्रेम करायला माझी हरकत नाही, मीही तीच वाचून मोठा झालो. पण आमच्या मुलांना आरशात गुरनच दिसतो, वेताळ दिसत नाही. त्यांनी निवडलेला गुरन आणि त्यांच्या वाट्याला आलेला गुरन यात फरक आहे.

भुसावळ_जंक्शन

मास्तर, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि लगेच उत्तर द्यावंसं वाटलं नाही. खेळातला गुरन मी हौसेने झालो. खेळ संपला की मी घरी जाऊन कोणीही होऊ शकत होतो. हा फरक माझ्या कधी लक्षातच आला नव्हता.

लोथारबद्दल तुम्ही लिहिलंत ते सगळं खरं आहे. मला लहानपणीही एक गोष्ट खटकायची, त्याला कोणी विचारत नाही. मँड्रेक निघाला की हा निघाला. त्या मुलाला माझ्याकडून सांगा, प्रश्न बरोबर आहे. आणि त्याने गुरनला राजा करून गोष्ट लिहिली तर मला वाचायला आवडेल, इथे टाका.

गिरणाकाठचे_आप्पा

भाऊ, तुना धागा वाचीसन बरं वाटनं.

तुम्ही शब्द मागितला होता. माझा शब्द घ्या: झीलकरी. पोवाड्यात शाहीर पुढे उभा असतो, डफ त्याच्या हातात, नाव त्याचं. मागे दोघं-तिघं झील धरतात, जी जी रं जी. ऐकणाऱ्याला वाटतं, यांचं काम काय? मी पाचोऱ्याकडच्या एका फडात बारा वर्षं झील धरली आहे म्हणून सांगतो. शाहिराचा श्वास कुठे तुटणार हे झीलकऱ्याला शाहिराच्या आधी कळतं. त्याची मान जरा मागे गेली, खांदा उचलला गेला की आम्ही ओळ उचलायची. तेवढ्या वेळात तो छाती भरून घेतो. लोकांना वाटतं, काय दमाचा शाहीर आहे! शाहीर एकदा आजारी पडला तेव्हा अख्खा पोवाडा मी गायलो, एक ओळ चुकली नाही. बारा वर्षं मागे उभं राहून तो पाठ झाला होता.

अवांतर आहे, पण लिहितोच. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या गात राहिल्या. ते शब्द कागदावर उतरवून घेतले त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. तरी आईच्या ओळी चालल्या असताना ते झील धरणारेच झाले. नाहीतर आपल्यापर्यंत काय आलं असतं?

केळीबाग_रावेर

झीलकरी. +१. आप्पा, जिंकलंत.

आखाजीचा_झोका

एवढ्या गप्पांत एकाही मुलीचं नाव नाही, म्हणून मी लिहिते.

बार्बरा गॉर्डन. १९६७ मध्ये बॅटगर्ल म्हणून आली. पेशाने ग्रंथपाल, हे मला फार आवडतं. १९८८ मध्ये जोकरने तिला गोळी घातली आणि ती चाकाच्या खुर्चीत आली. गोष्ट बॅटमॅनची आणि जोकरची, तिची झाली फक्त जखम. बऱ्याच वाचकांना ते लागलं. मग किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखक जोडप्याने ठरवलं की तिला अशी सोडायची नाही. १९८९ मध्ये ती ओरॅकल झाली. खुर्चीत बसून, कॉम्प्युटरसमोर, जगातल्या सगळ्या हिरोंना माहिती पुरवणारी. बॅटमॅनसुद्धा तिला विचारून पाऊल टाकतो. माझ्या मोठ्या बहिणीला लहानपणी पोलिओ झालेला. ओरॅकलची पानं मी तिला दाखवली तेव्हा ती कितीतरी वेळ काही बोलली नाही, नंतर म्हणाली, हिला उगाच बरी करून टाकली नाही ते चांगलं केलं.

आणि आपल्याकडची श्वेता! राज कॉमिक्समधल्या सुपर कमांडो ध्रुवची बहीण. ध्रुव १९८७ मध्ये आला, अनुपम सिन्हांचा. तोही डिकसारखाच सर्कशीत वाढलेला, सर्कशीच्या आगीत आईबाप गमावलेला. पण तो कोणाचा रॉबिन झाला नाही, सरळ हिरोच झाला. ज्या घराने त्याला दत्तक घेतलं तिथली मुलगी श्वेता, घरात खोडकर धाकटी बहीण आणि बाहेर चंडिका. तिची सगळी यंत्रं तिने स्वतः बनवलेली. भावाचा जीव वाचवते आणि भावाला पत्ता नसतो. आम्ही तिघी बहिणी चोपड्याला भाड्याने आणून वाचायचो, एका दिवसाचे ५० पैसे, परत द्यायच्या आत तिघींचं वाचून झालं पाहिजे. चंडिका कोण होणार यावरून मात्र आमच्यात रोज भांडण. भुसावळ भाऊ, तुमच्याइतक्या समजूतदार आम्ही नव्हतो.

एक मदत हवी आहे. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिला कुठून सुरुवात करून देऊ? तिने रॉबिनचं चित्र बघून विचारलं, याचं एकट्याचं पुस्तक नाही का?

भुसावळ_जंक्शन

ताई, श्वेता माझ्याकडून राहिलीच होती, बरं झालं तुम्ही लिहिलंत.

मुलीला सांगा, आहे. १९४७ पासून स्टार स्पँगल्ड कॉमिक्समध्ये रॉबिनच्या एकट्याच्या गोष्टी यायच्या. १९९१ मध्ये टिम ड्रेकची स्वतंत्र छोटी मालिका निघाली आणि १९९३ पासून दर महिन्याचा अंक. नाइटविंगचा महिन्याचा अंक १९९६ पासून. पण हे सगळं ती बारा-तेरा वर्षांची झाल्यावर. जेसनची गोष्ट आणि बार्बराला गोळी लागते ते पुस्तक तर आणखी उशिरा द्या. आठव्या वर्षी चाचा चौधरी द्या. घरात एक मोठं माणूस शेजारी बसून वाचून दाखवणारं असेल तर उत्तम.

रंगारी_धुळे

आणि कागद-पेन्सिल शेजारी ठेवा. वाचता वाचता काढू दे. खोडरबर देऊ नका.

आखाजीचा_झोका

आठ दिवसांनी धागा वर काढतेय. जळगावहून चाचा चौधरीची पाच पुस्तकं आणली, चार संपली. रंगारी काका, तुमचं ऐकून खोडरबर लपवून ठेवला. काल तिने साबू काढायला घेतला. आधी खाली चाचा काढले, काठीसकट, मग शेजारी साबूचे पाय. कमरेपर्यंत आली आणि कागद संपला. मला वाटलं, रडेल. तिने दुसरा कागद आणला, वर डिंकाने चिकटवला आणि छाती काढली. डोक्यासाठी तिसरा लागला. आता तो दाराच्या मागे लावलाय, दार उघडलं की साबू भिंतीआड जातो. शेवटच्या कागदावर जागा उरली होती, तिथे साबूच्या खांद्यावर तिने एक मुलगी बसवली आहे. पिवळा झगा घातलेली.